एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्यावर भरवसा कधी ठेवायचा? समजून घ्या 'विंडो पिरियड'चा हिशोब

परभणी : सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. निकाल बहुतेक वेळा त्याच दिवशी हातात मिळतो आणि नावही कुठं फुटत नाही. तरीही निगेटिव्ह रिपोर्ट मिळाल्यावर लोकांच्या हातून दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक घाईची. धोका घडून आठ-दहा दिवस होत नाहीत तोच माणूस तपासून घेतो, 'निगेटिव्ह' वाचतो आणि निर्धास्त होतो. दुसरी चूक संशयाची. चार-पाच महिने उलटून गेलेले असतात, रिपोर्ट निगेटिव्ह असतो, तरी मन मानत नाही. मग नांदेडला एक तपासणी, छत्रपती संभाजीनगरला दुसरी, पुण्याला तिसरी, असा पैसा आणि झोप दोन्ही जातं.

पहिल्या चुकीची किंमत घरच्या माणसाला मोजावी लागू शकते, तर दुसरीची ज्याची त्याला. दोन्ही चुका टाळायच्या तर एक हिशोब समजून घ्यावा लागतो. त्याला दवाखान्याच्या भाषेत 'विंडो पिरियड' म्हणतात.

विंडो पिरियड म्हणजे नेमकं काय?

पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन पाहिलं तर रान मोकळंच दिसतं. बी पडलंच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. उगवून वर यायला काही दिवस लागतात. एचआयव्हीच्या तपासणीचंही तसंच आहे.

एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी लढण्यासाठी रक्तात विशिष्ट पदार्थ तयार करतं. त्यांना प्रतिपिंडं, म्हणजेच अँटिबॉडी म्हणतात. दवाखान्यात होणाऱ्या बहुतेक तपासण्या विषाणूला शोधत नाहीत, या अँटिबॉडी शोधतात. अँटिबॉडी काही एका रात्रीत तयार होत नाहीत. त्यांचं प्रमाण कीटला दिसेल इतकं वाढायला काही आठवडे जातात. लागण झाल्याचा दिवस आणि तपासणीत ती दिसू लागण्याचा दिवस, यांच्या मधला काळ म्हणजे विंडो पिरियड.

या काळात तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माणसाला लागण झालेली असते, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होऊ शकते. उलट लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू खूप वाढलेला असतो, त्यामुळं दुसऱ्याला लागण होण्याचा धोका या दिवसांत जास्त असतो. म्हणून घाईत मिळालेला निगेटिव्ह रिपोर्ट फसवा ठरू शकतो.

यात कीट खराब किंवा लॅबवाला चुकला असं काही नसतं. शोधायची गोष्टच रक्तात अजून पुरेशी आलेली नसते.

कोणत्या तपासणीला किती दिवस लागतात?

सगळ्या तपासण्या सारख्या नाहीत. त्यामुळं 'किती दिवसांनी तपासू?' या प्रश्नाचं उत्तर तपासणी कोणती आहे यावर ठरतं.

अँटिबॉडी तपासणी : सरकारी केंद्रांत मुख्यतः होते ती ही. रॅपिड कीटवर थोडं रक्त टाकलं की काही मिनिटांत रेघ किंवा ठिपका उमटतो. लागण झाल्यानंतर साधारण २३ ते ९० दिवसांत ती पकडते.

अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी, लॅबमधली : हिलाच 'फोर्थ जनरेशन' म्हणतात. ही अँटिबॉडीसोबत विषाणूचाच एक भाग शोधते. त्याचं नाव पी-२४ अँटिजेन. तो अँटिबॉडीच्या आधी रक्तात दिसतो. दंडाच्या शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केली तर ही तपासणी १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते.

तीच फोर्थ जनरेशन तपासणी, पण बोटातल्या रक्तावर रॅपिड कीटनं : १८ ते ९० दिवस. नाव सारखं असलं तरी पद्धत बदलली की दिवस बदलतात, हे इथं लक्षात ठेवावं.

नॅट किंवा पीसीआर : ही थेट विषाणूचा शोध घेते. १० ते ३३ दिवसांत पकडते. महाग असते आणि सरसकट सगळ्यांसाठी वापरली जात नाही.

प्रत्येक ठिकाणी दोन आकडे का? कारण प्रत्येकाचं शरीर वेगळ्या वेगानं काम करतं. पहिला आकडा म्हणजे काही जणांत लागण दिसायला सुरुवात होते तो दिवस. दुसरा आकडा म्हणजे जवळपास सगळ्यांत ती दिसते तो दिवस. भरवसा ठेवायचा तो दुसऱ्या आकड्यानंतरच्या रिपोर्टवर.

यात सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा पाठ करायचा असेल तर तो ९० दिवसांचा. तपासणी कोणतीही असो, कीट कोणतंही असो, ९० दिवस पूर्ण झाल्यावर आलेला निगेटिव्ह रिपोर्ट पक्का मानता येतो.

दिवस मोजायचे कुठून?

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. दिवस रिपोर्टच्या तारखेपासून मोजत नाहीत, ताप आला त्या दिवसापासून मोजत नाहीत आणि पहिल्या धोक्यापासूनही मोजत नाहीत. दिवस मोजायचे ते शेवटच्या धोक्यापासून.

धोका म्हणजे काय, तेही नीट कळलं पाहिजे. निरोधशिवाय आलेला लैंगिक संबंध, एकानं वापरलेली सुई-सिरिंज दुसऱ्यानं वापरणं, तपासणी न केलेलं रक्त चढवणं, आणि बाधित आईकडून गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून लेकराला होणारी लागण, हे धोक्याचे मार्ग आहेत. एका ताटात जेवणं, एकाच माठातलं पाणी पिणं, हात मिळवणं, एकाच संडासात जाणं, खोकला, डास चावणं, यातून एचआयव्ही होत नाही. अशा गोष्टींपासून कुणी दिवस मोजत बसू नये.

आता हिशोब करून पाहू. समजा, कामानिमित्त बाहेरगावी असलेल्या एका माणसाचा निरोधशिवायचा शेवटचा संबंध १० मार्चला आला. गावी परतल्यावर त्यानं २० मार्चला तपासणी केली आणि निगेटिव्ह आली. मधे फक्त १० दिवस गेले आहेत. या रिपोर्टनं १० मार्चबद्दल काहीच सांगितलेलं नाही. तो रिपोर्ट फार तर एवढंच सांगतो, की गेल्या डिसेंबरच्या आधी जे काही घडलं असेल त्यातून लागण झालेली नाही.

त्याच माणसानं लॅबमधली फोर्थ जनरेशन तपासणी केली तर ४५ दिवस २४ एप्रिलला पूर्ण होतात. सरकारी केंद्रातल्या रॅपिड तपासणीसाठी ९० दिवस धरले तर ८ जून ही तारीख येते. म्हणजे मृग लागण्याच्या सुमारास केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तर १० मार्चचा विषय तिथंच संपला.

मात्र मधे २० एप्रिलला पुन्हा एकदा धोका घडला, तर घड्याळ नव्यानं सुरू होतं. मग ८ जून नाही, १९ जुलै धरायची. प्रत्येक नवा धोका हिशोब पुन्हा शून्यावर आणतो.

हा हिशोब कुणा एका कामाच्या माणसांसाठी नाही. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जाणारा आणि होळी-पाडव्याला परतणारा ऊसतोड मजूर असो, गाडीवरचा ड्रायव्हर असो, पुण्यात शिकणारा पोरगा असो की नोकरदार. विषाणू धंदा पाहत नाही. बाहेर जाणाऱ्या माणसांकडं बोट दाखवण्यात अर्थ नाही. फरक एवढाच, की हंगामी कामाला जाणाऱ्याला दवाखान्याची दुसरी खेप जमवणं अवघड जातं. तपासणीची दुसरी तारीख आली तेव्हा तो दुसऱ्याच जिल्ह्यात असतो. अशा वेळी कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी केंद्रात तपासणी करता येते. तपासणीसाठी गावीच परत यावं लागत नाही.

तपासणी केंद्रात काय होतं?

सरकारी दवाखान्यातल्या या केंद्राला आयसीटीसी म्हणतात. म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात ही सोय आहे. तालुक्याच्या ठिकाणी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर सगळ्यांसमोर काही सांगायची गरज नाही. 'आयसीटीसी कुठं आहे?' एवढं विचारलं तरी पुरतं. गरोदर बायांसह अनेकांना तिथं पाठवलं जातं. त्यामुळं त्या दारात दिसलेल्या माणसाबद्दल तर्क करायचं कारण नाही.

तिथं आधी समुपदेशक एकट्यात बोलतो. कधी आणि कसा धोका घडला हे विचारतो. इथं लाजून तारीख चुकवली तर नुकसान स्वतःचंच होतं, कारण पुढची तपासणी कधी करायची हे त्याच तारखेवर ठरतं. मग संमती घेतली जाते आणि थोडं रक्त घेतलं जातं. निकाल देतानाही एकट्यात बसवून अर्थ समजावून सांगतात.

बरेच जण विचारतात, निगेटिव्ह सांगायला एकच तपासणी आणि पॉझिटिव्ह सांगायला तीन, असं का? यामागं साधं गणित आहे. पहिली तपासणी मुद्दाम अशा कीटवर करतात, जे लागण झालेला माणूस शक्यतो सोडत नाही. त्या नादात ते कधीकधी निरोगी माणसालाही पकडतं.

समजा, एक लाख लोकांची तपासणी झाली. भारतात मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे लाखात २०० जण. कीट जर २०० बाधितांतला एखादाच सोडत असेल, तर जवळपास ९८ हजार निगेटिव्ह रिपोर्टमध्ये चुकीचा निघतो फक्त एक. पण तेच कीट १०० निरोगी माणसांतल्या दोघांना चुकून पकडत असेल, तर ९९ हजार ८०० निरोगी माणसांपैकी जवळपास दोन हजार जण उगीच 'रिॲक्टिव्ह' दिसतील. खरे बाधित त्यात २०० सुद्धा नाहीत. म्हणून पहिली तपासणी रिॲक्टिव्ह आली की वेगळ्या प्रकारच्या आणखी दोन कीटवर रक्त तपासतात. तिन्ही जुळल्यावरच पॉझिटिव्ह सांगतात.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, विंडो पिरियड उलटल्यानंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट हा वैद्यकीय तपासण्यांतल्या सगळ्यात खात्रीच्या निकालांपैकी आहे. दोन, खासगी लॅबमध्ये एकाच कीटवर 'रिॲक्टिव्ह' आलं म्हणून कुणी जिवाचं बरंवाईट करायला धावू नये. आधी आयसीटीसीत जाऊन खात्री करून घ्यावी.

रिपोर्टवरचे शब्द

'नॉन-रिॲक्टिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' : कीटला काही सापडलं नाही. विंडो पिरियड उलटला असेल तर लागण नाही. उलटला नसेल तर पुन्हा तपासणी करायची.

'रिॲक्टिव्ह' : कीटला काहीतरी सापडलं. पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय हा शेवटचा निकाल नाही.

'इंडिटरमिनेट' : तपासण्या एकमेकींशी जुळल्या नाहीत. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. तोवर माणूस ना पॉझिटिव्ह, ना निगेटिव्ह.

खासगी लॅबचा रिपोर्ट असेल तर तपासणीची पद्धतही त्यावर लिहिलेली असते. नुसतं 'एचआयव्ही निगेटिव्ह' न वाचता तपासणी रॅपिड होती की फोर्थ जनरेशन, आणि रक्त कोणत्या तारखेला घेतलं, हे पाहावं. रिपोर्ट हातात मिळालेली तारीख आणि रक्त दिलेली तारीख वेगळी असू शकते. हिशोबात रक्त दिलेली तारीख धरायची.

९० दिवस झाले, निगेटिव्ह आलं, तरी धास्ती जात नाही

असे लोक कमी नाहीत. धोका एकदाच घडलेला असतो, पण मनातली खंत मोठी असते. अंगावर पुरळ दिसलं, वजन दोन किलो उतरलं, तोंडात छाले आले, सर्दी आठवडाभर टिकली, की मन लगेच तिकडंच धावतं. मोबाईलवर लक्षणं वाचली की सगळी आपल्यालाच लागू पडतात असं वाटू लागतं.

लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, हे इथं ठामपणे सांगायला हवं. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी काही जणांना ताप, घसादुखी, पुरळ, गाठी येतात, काहींना काहीच होत नाही. तीच लक्षणं डेंग्यू, टायफॉइड, साध्या फ्लूमध्येही दिसतात. पुढं अनेक वर्षं बाधित माणूस ठणठणीत दिसू शकतो. म्हणून लक्षण असणं हा पुरावा नाही आणि लक्षण नसणं हाही पुरावा नाही. योग्य वेळी केलेली रक्ततपासणी हाच पुरावा.

'सहा महिने थांबावं लागतं' असंही बरेच जण सांगतात. ते पूर्वीच्या काळातून आलं आहे. एचआयव्हीची तपासणी १९८५ मध्ये सुरू झाली आणि भारतात पहिली लागण १९८६ मध्ये उघड झाली, तेव्हाच्या कीटला अँटिबॉडी पकडायला जास्त वेळ लागायचा. पुढं कीट सुधारत गेले, पण लोकांच्या तोंडी सहा महिन्यांचा आकडा तसाच राहिला. आज काही ठरावीक माणसांनाच जास्त काळ पाहणीखाली ठेवतात. उदाहरणार्थ, धोक्यानंतर बचावाच्या गोळ्या घेतलेले, किंवा दुसऱ्या मोठ्या आजारामुळं ज्यांची प्रतिकारशक्ती फारच कमी झाली आहे असे. ते डॉक्टर स्वतः सांगतात. बाकीच्यांना ९० दिवस पुरतात.

आणि एका धोक्यात लागण होतेच असंही नाही. दवाखान्यात बाधित माणसाच्या रक्तानं भरलेली सुई टोचली तरी हजारातल्या साधारण तिघांनाच लागण होते. धोका छोटा म्हणून बेफिकीर राहू नये, पण एका चुकीनं आयुष्य संपलं असंही समजू नये.

९० दिवसांनंतर निगेटिव्ह आलेल्या माणसानं पुन्हा धोका घेतला नसेल, तर दहाव्या तपासणीतूनही नवीन काही निघणार नाही. तरी झोप लागत नसेल, कामात मन लागत नसेल, तर ते दुखणं रक्तातलं नाही, मनातलं आहे. त्यालाही उपचार असतात. आयसीटीसीच्या समुपदेशकाशी बोलावं किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवावं. ताकदीच्या जडीबुटीवर आणि 'एड्स मुळासकट काढतो' म्हणणाऱ्या भोंदूंवर पैसे घालवू नयेत. निगेटिव्ह माणसाला आधी घाबरवायचं आणि मग 'बरं केलं' म्हणायचं, हा त्यांचा धंदा असतो.

विंडो पिरियडच्या काळात काय करावं?

धोका घडून तीन दिवस, म्हणजे ७२ तास झाले नसतील, तर तपासणीची वाट न पाहता थेट जिल्हा रुग्णालय गाठावं. लागण होऊ नये म्हणून पीईपी नावाचं औषध असतं. ते २८ दिवस रोज घ्यावं लागतं. जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. ७२ तासांनंतर ते सुरू करत नाहीत. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर धोका पाहून ठरवतात. बलात्कार झालेल्या बाईला किंवा मुलीला तर याच कारणासाठी एक तासही न दवडता दवाखान्यात न्यायला हवं. पीईपी घेतली असेल तर तपासणीच्या तारखा बदलतात, कारण औषधामुळं लागण उशिरा दिसू शकते. मग ९० दिवस धोक्यापासून न धरता, गोळ्यांनंतर डॉक्टर सांगतील त्या तारखा पाळाव्यात.

७२ तास उलटून गेले असतील तर शेवटचा पक्का रिपोर्ट येईपर्यंत जोडीदाराशी संबंधात दर वेळी निरोध वापरावा. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. घरात कारण सांगणं अवघड असतं, हे खरं आहे. पण नव्वद दिवसांचा अवघडपणा आणि जन्मभराची लागण यात निवड करायची असेल तर अवघडपणा स्वस्त आहे. बोलायचं कसं, यासाठीही समुपदेशक मदत करतो.

या काळात रक्तदान करू नये. जयंतीला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला गावात शिबिर लागतं. काही जण 'तिथं रक्त तपासतातच, फुकटात कळून जाईल' म्हणून रक्त देतात. ही फार घातक सवय आहे. रक्तपेढी प्रत्येक पिशवी एचआयव्ही, दोन्ही प्रकारची कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासते. पण विंडो पिरियड रक्तपेढीलाही चुकत नाही. निगेटिव्ह दिसलेली ती पिशवी एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या लेकराला चढू शकते. धोका घडला असेल तर शिबिरात सरळ 'यावेळी नको' म्हणावं. कारण सांगायची गरज नाही.

बायको निगेटिव्ह म्हणजे नवरा निगेटिव्ह?

नाही. 'बायकोची तपासणी गरोदरपणात झाली, निगेटिव्ह आली, म्हणजे आपणही ठीक' असं बरेच पुरुष समजतात. जोडीदार बाधित असूनही दुसऱ्याला लागण झालेली नसते, अशी अनेक जोडपी आहेत. ज्याचं रक्त, त्याचाच रिपोर्ट.

गरोदरपणात पहिल्याच तपासणीच्या वेळी एचआयव्हीची तपासणी होते. एएनएम ताई किंवा दवाखान्यातून ती सांगितली जाते. ती टाळू नये. पण पहिल्या महिन्यांत निगेटिव्ह आलेल्या बाईलाही पुढं, गरोदर असताना किंवा लेकरू अंगावर पीत असताना लागण होऊ शकते. म्हणून नवऱ्याकडून किंवा इतर धोका वाटत असेल तर बाळंतपणाआधी पुन्हा तपासणी मागावी. नवऱ्यानंही सोबत तपासून घ्यावं. आई बाधित असली तरी तिला वेळेत औषध सुरू केलं आणि जन्मल्यावर लेकराला औषध दिलं, तर लागण टळण्याची शक्यता खूप मोठी असते.

अशा लेकराच्या बाबतीत हिशोब उलटा होतो. आईच्या अँटिबॉडी लेकराच्या रक्तात येतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळं लागण नसलेलं लेकरूही साध्या तपासणीत पॉझिटिव्ह दिसू शकतं. म्हणून सहा आठवड्यांचं झाल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थेट विषाणू शोधणारी तपासणी करतात. पुढंही ठरावीक महिन्यांनी तपासत राहतात आणि १८ महिन्यांनंतर शेवटची खात्री होते. आजी-आजोबांनी मधल्या एखाद्या रिपोर्टवरून लेकराला वेगळं ठेवू नये आणि दोन निगेटिव्ह आले म्हणून मधेच जाणंही थांबवू नये.

लग्नाआधी दोन्हीकडचे लोक रिपोर्ट मागू लागले आहेत. दोघांनी राजीखुशीनं तपासलं तर चांगलंच. पण तिथंही तारीख पाहावी. शेवटचा धोका १५ डिसेंबरचा आणि रक्त दिलं १ फेब्रुवारीला, तर मधे ४८ दिवस होतात. लॅबमधल्या फोर्थ जनरेशन तपासणीला ते पुरेसे आहेत, रॅपिड तपासणीला नाहीत. नुसता मुलीचा रिपोर्ट मागायचा आणि मुलाचा विषयच काढायचा नाही, यानं कुणाचंच संरक्षण होत नाही.

पॉझिटिव्ह आलं तर?

तर उशीर न करता एआरटी औषध सुरू करायचं. भारतात ते २००४ पासून मोफत मिळतं आणि २०१७ पासून रिपोर्ट पक्का झाला की लगेच सुरू करण्याचं धोरण आहे. परभणीतही एआरटी केंद्र आहे. रोज गोळी घेणारा माणूस बाकीच्यांसारखा शेती, नोकरी, संसार करत लांब आयुष्य जगू शकतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा होऊन तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मात्र 'विषाणू आढळला नाही' म्हणजे 'निगेटिव्ह झालो' असं नाही. गोळ्या सोडल्या की तो पुन्हा वाढतो.

तपासणीला घाबरायचं एक मोठं कारण म्हणजे गावात चर्चा होईल ही भीती. त्यासाठी कायदा आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, आणि बाधित माणसाशी नोकरी, शाळा, दवाखाना, राहतं घर यात भेदभाव करता येत नाही.

दवाखान्यात जाण्याआधी काही विचारायचं असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या क्रमांकावर कोणत्याही फोनवरून मोफत बोलता येतं. नाव सांगावं लागत नाही.

थोडक्यात हिशोब असा

१. धोका घडून ७२ तासांच्या आत : जिल्हा रुग्णालयात जाऊन पीईपीबद्दल विचारा.

२. त्यानंतर : शेवटच्या धोक्याची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. लगेच एक तपासणी केली तरी चालते, पण तो शेवटचा निकाल नाही.

३. लॅबमधली फोर्थ जनरेशन तपासणी : ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली तर भरवसा ठेवा.

४. रॅपिड किंवा इतर कोणतीही तपासणी : ९० दिवसांनंतर निगेटिव्ह आली तर भरवसा ठेवा.

५. तोवर निरोध वापरा, रक्तदान टाळा.

६. मधे नवा धोका घडला तर त्या तारखेपासून पुन्हा मोजा.

७. दिवस पूर्ण झाले, निगेटिव्ह आलं आणि नवा धोका नाही : पुन्हा तपासणीची गरज नाही. रिपोर्ट खरा आहे, त्यावर विश्वास ठेवा आणि कामाला लागा.